चाकाखालचं लिंबू

गेल्या दसऱ्याला माझ्या मावसभावाने नवी गाडी घेतली. शोरूमच्या दारातच पूजा झाली. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, पुढे झेंडूचा हार आणि चारही चाकांखाली एकेक लिंबू. गाडी पुढे सरकली, लिंबं फचकन फुटली, टाळ्या, पेढे, सगळं यथासांग. फोटो काढायला अर्थातच मी. (आमच्या नातेवाइकांत 'कॉम्प्युटरवाला' म्हणजे कॅमेरा, प्रिंटर आणि प्रसंगी मिक्सरसुद्धा त्याच्याच गळ्यात.)

तिसऱ्या आठवड्यात गाडी सिग्नलला बंद पडली. पुन्हा स्टार्ट मारला, चालू झाली. चार दिवसांनी परत तेच. वर्कशॉपमध्ये दिली. दोन दिवस ठेवून घेतली आणि 'सर, सॉफ्टवेअर अपडेट मारलाय, आता काही येणार नाही' असं सांगून परत दिली. आठ दिवसांत आलंच. दुसऱ्या खेपेला कुठलासा सेन्सर साफ केला, तिसऱ्या खेपेला वायरिंग बघितलं, चौथ्या खेपेला जॉब कार्डवर एकच ओळ: 'तक्रार आढळली नाही.'

ती ओळ वाचून मला जरा कसंतरीच झालं. कारण गेली पंधरा वर्षं साधारण हीच ओळ लिहून मी लोकांचे बग बंद करत आलोय. 'माझ्या मशीनवर तर चालतंय!' गाडीही त्यांच्या रॅम्पवर व्यवस्थित चालत होती. ती बंद पडायची रात्री साडेनऊला, उड्डाणपुलाच्या चढावर, मागे ट्रक आणि मागच्या सीटवर भावाची चार वर्षांची मुलगी असताना.

पाचवी खेप झाल्यावर त्याची बायको वैतागून म्हणाली, "विकून टाकूया. सहा महिन्यांचीच तर आहे, किंमत बरी येईल." भाऊ गप्प बसला. मग मला म्हणाला, "दादा, ही दुसऱ्याच्या गळ्यात मारायची? त्याच्याकडेही लेकरं असतीलच ना? अमेरिकेत म्हणे असल्या गाड्यांसाठी वेगळा कायदा आहे, लेमन लॉ. आपल्याकडे काय आहे?"

लेमन! आपण लिंबू चिरडून गाडी घरी आणतो, आणि तिकडे बिघडक्या गाडीचं नावच लिंबू. मी दोन वीकेंड बसून वाचलं. मला वाटलं होतं, हा सगळा वॉरंटीचा इतिहास असेल. निघालं भलतंच: वॉरंटीचा कागद बराच काळ ग्राहकाच्या बाजूने नव्हताच.

गोष्ट मोटारीच्याही आधी सुरू होते. १८४२ साली इंग्लंडमध्ये विंटरबॉटम विरुद्ध राइट हा खटला झाला. विंटरबॉटम टपालाची घोडागाडी हाकायचा. गाडी मोडली आणि तो जखमी झाला. गाड्या ठाकठीक ठेवायचं कंत्राट राइटकडे होतं, म्हणून त्याने राइटवर दावा लावला. कोर्ट म्हणालं, राइटचा करार पोस्टमास्टर जनरलशी आहे, तुझ्याशी नाही. तुला दावा लावता येणार नाही. उद्या कोणीही उठून कोणावरही दावा लावेल!

पुढे मोटारी आल्या तेव्हा कंपन्यांना हा नियम फारच सोयीचा पडला. कंपनी गाडी डीलरला विकते, डीलर तुम्हाला विकतो. म्हणजे कंपनी आणि तुमच्यात करार नाहीच. गाडी कोणी बनवली? कंपनीने. पैसे शेवटी कोणाला पोचले? कंपनीला. जबाबदारी कोणाची? कोणाचीच नाही.

ही भिंत १९१६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये फुटली. मॅकफर्सन नावाच्या गृहस्थांच्या ब्यूइक गाडीचं चाक मोडलं. तेव्हा चाकांचे आरे लाकडी असत, आणि या चाकाचं लाकूड सदोष होतं. ब्यूइक म्हणाली, एक तर चाक आम्ही बनवलेलंच नाही, दुसऱ्या कारखान्यातून घेतलंय. आणि दुसरं म्हणजे यांनी गाडी डीलरकडून घेतली, आमच्याकडून नाही. न्यायमूर्ती बेंजामिन कार्डोझो यांनी हे ऐकलं नाही. गाडी डीलर स्वतः चालवणार नाही, ग्राहक चालवणार, हे कंपनीला पक्कं ठाऊक असतं. निष्काळजीपणे बनवलेली गाडी जिवावर बेतू शकते. तेव्हा तपासायची जबाबदारी कंपनीची, करार असो वा नसो.

पण यात दोन अडचणी होत्या. एक, कंपनीचा निष्काळजीपणा सिद्ध करायला लागायचा. आणि दोन, हे सगळं अपघात झाला तर. नुसतीच सारखी बंद पडणारी गाडी असेल तर? तिथे पुन्हा वॉरंटीचा कागद.

आता त्या कागदाकडे वळू. ९ मे १९५५ ला न्यूजर्सीत हेनिंगसन नावाच्या माणसाच्या ताब्यात नवी प्लिमथ गाडी आली. मदर्स डेची भेट म्हणून त्याने ती बायकोसाठी घेतली होती. दहा दिवसांनी, १९ मेला, ती एकटी चालवत असताना पुढून खालच्या बाजूने मोठा आवाज झाला, स्टिअरिंग हातातल्या हातात गरकन फिरलं आणि गाडी उजवीकडे वळून भिंतीवर आदळली. तेव्हा मीटरवर ४६८ मैल होते. पुढचा भाग इतका चेपला होता की नेमकं काय तुटलं हे कळायला मार्गच नव्हता.

ऑर्डरच्या कागदावर मागच्या बाजूला बारीक टाइपात वॉरंटी छापलेली होती. ९० दिवस किंवा ४,००० मैल, जे आधी होईल ते. त्या मुदतीत सदोष भाग कारखान्यात पाठवायचा (वाहतूक खर्च आधी ग्राहकाने भरून), तिथे तो तपासला जाणार आणि तो सदोष असल्याबद्दल कारखान्याचंच समाधान झालं, तर बदलून मिळणार. म्हणजे आरोपी तोच, पंच तोच आणि न्यायाधीशही तोच! पण खरी मेख पुढच्या वाक्यात होती: ही हमी बाकी सगळ्या, स्पष्ट किंवा गृहीत, हमींच्या बदल्यात आहे.

हे 'गृहीत' प्रकरण समजून घ्यायला हवं. विकलेली वस्तू आपल्या नेहमीच्या कामाला लायक असली पाहिजे, हे कायदा कागदाशिवायच धरून चालतो. छत्री घेतली तर पाऊस अडवायला हवी, यासाठी वेगळा करार लागत नाही. आपल्या १९३० च्या मालविक्री कायद्यातही हे तत्त्व आहे. आता प्लिमथच्या कागदाचा अर्थ लावा. कायद्याने तुम्हाला आधीच मोठी हमी दिली होती. कंपनीने हातात लहान हमी ठेवली आणि मोठी काढून घेतली. आपण मात्र 'वा, वॉरंटी मिळाली!' म्हणून खूश.

दुसरीकडे जाऊन चांगला कागद मिळवायचीही सोय नव्हती. हा मजकूर मोटार उत्पादकांच्या संघटनेचा सामायिक होता आणि १९५८ मध्ये जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायस्लर या तिघांकडे मिळून तिथल्या ९३.५ टक्के मोटारींचं उत्पादन होतं. १९६० मध्ये न्यूजर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने हाच आकडा निकालात मांडला आणि म्हटलं, जिथे घासाघीस करायला जागाच नाही तिथे 'ग्राहकाने सही केली ना' याला अर्थ उरत नाही. बाकीच्या हमी पुसून टाकणारं ते वाक्य रद्दबातल. गृहीत हमी कायम, आणि ती चालवणाऱ्या बायकोलाही लागू, जरी करारावर तिची सही नव्हती. कुठला भाग तुटला हे तज्ज्ञाला सांगता आलं नाही तरी चालेल. दहा दिवसांच्या गाडीचं स्टिअरिंग असं फिरत नसतं, एवढं पुरे.

गंमत म्हणजे त्याच १९६० च्या सुमाराला 'लेमन' या शब्दाची एक जाहिरात गाजली. फोक्सवॅगनने आपल्याच बीटल गाडीचा फोटो छापून खाली मोठ्या अक्षरात 'लेमन' असं लिहिलं. कशासाठी, तर पुढच्या कप्प्यावरच्या क्रोमच्या पट्टीवर डाग होता म्हणून ही गाडी आमच्या तपासनिसाने बाद केली, हे सांगायला. शब्द बोलीत जुनाच होता. पण सगळ्यांना तो कळत होता, हे महत्त्वाचं.

दहा वर्षांनी एका अर्थशास्त्रज्ञाने त्या शब्दाचा सिद्धांत केला. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांचा 'द मार्केट फॉर लेमन्स' हा लेख १९७० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधी तीन नियतकालिकांनी तो परत पाठवला होता, त्यांतल्या दोघांनी फार क्षुल्लक विषय म्हणून. (२००१ मध्ये त्याच कामाबद्दल नोबेल मिळालं. कोड रिव्ह्यूमध्ये बोलणी खाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं!) त्यांचा मुद्दा असा: गाडी चांगली की लिंबू हे विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा सगळ्यांनाच लिंबाच्या हिशेबाने किंमत देतो. मग चांगली गाडीवाला म्हणतो, या भावात कशाला विकू? तो बाजारातून निघून जातो. उरतात लिंबं. शोरूममधून बाहेर पडल्या पडल्या गाडीची किंमत का पडते, याचं उत्तर यात आहे.

अ‍ॅकरलॉफ १९६७-६८ मध्ये दिल्लीला इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये होते, आणि त्या लेखात आपल्याकडची एक गोष्ट आहे. इथल्या बाजारातल्या तांदळात मुद्दाम त्याच रंगाचे खडे मिसळलेले असतात आणि बायकांना ते निवडत बसावं लागतं, अशी. माझी आजी रोज दुपारी सुपात तांदूळ घेऊन हेच करायची. मला ते घरकाम वाटायचं. खरं तर ती गुणवत्ता तपासणी होती. वाण्याने करायची, ती आजी फुकटात करत होती. पाच वेळा वर्कशॉपला अर्धी रजा टाकून जाणारा माझा भाऊ वेगळं काय करत होता?

असो. त्याच वर्षी, १९७० मध्ये, कॅलिफोर्नियाने साँग-बेव्हर्ली कायदा केला. नाव मजेशीर वाटतं, पण साँग आणि बेव्हर्ली ही दोन आमदारांची आडनावं. त्यात पहिल्यांदा अशी तरतूद आली की 'वाजवी संख्येच्या प्रयत्नांनंतर'ही वस्तू दुरुस्त करता आली नाही, तर कंपनीने ती बदलून द्यावी किंवा पैसे परत करावेत. मग ४ जानेवारी १९७५ ला राष्ट्राध्यक्ष फोर्ड (आडनाव हा निव्वळ योगायोग) यांनी मॅग्नुसन-मॉस वॉरंटी कायद्यावर सही केली. हा सगळ्या देशासाठी. लेखी वॉरंटी देणाऱ्याला यापुढे गृहीत हमी पूर्ण पुसता येणार नव्हती, आणि ग्राहक जिंकला तर त्याच्या वकिलाची फी कंपनीकडून वसूल करता येणार होती. ही फीची तरतूद फार मोलाची, कारण एका गाडीसाठी वकील कोण लावणार?

पण पळवाट राहिलीच. कायद्याने वॉरंटीचे दोन प्रकार केले, 'पूर्ण' आणि 'मर्यादित'. पैसे परत किंवा नवी वस्तू हा हक्क फक्त 'पूर्ण'ला. आणि पूर्ण वॉरंटी देण्याची सक्ती कोणावर नव्हती. मोटार कंपन्यांनी काय केलं असेल, ओळखा पाहू! बहुतेकांनी कागदावर 'मर्यादित' छापलं आणि विषय संपवला.

शिवाय 'वाजवी संख्या' म्हणजे किती? आपल्याकडे रिक्वायरमेंटच्या कागदात 'सिस्टिम पुरेशी फास्ट असावी' असं लिहिलेलं असतं ना, तसंच हे. क्लाएंट म्हणतो स्लो आहे, आपण म्हणतो फास्ट आहे, आणि आकडा नसल्याने दोघंही खरे. कंपनी सातव्या खेपेलाही म्हणू शकते, 'अजून एक संधी द्या, सर.'

१९८२ मध्ये कनेक्टिकट या छोट्या राज्याने तो आकडा घातला. जॉन वुडकॉक या आमदाराने पुढाकार घेतलेला हा तिथला पहिला 'लेमन लॉ'. नियम साधा: ठरावीक मुदतीत एकाच दोषासाठी गाडी चार वेळा दुरुस्तीला आली आणि दोष तसाच राहिला, किंवा गाडी एकूण ३० दिवस वर्कशॉपमध्ये पडून राहिली, तर वाजवी प्रयत्न झाले असं कायदा गृहीत धरणार. पुढे गाडी बदला किंवा पैसे परत. कॅलिफोर्नियाने त्याच वर्षी साँग-बेव्हर्लीला अशाच आकड्यांची जोड दिली. हळूहळू सगळ्या ५० राज्यांत असे कायदे झाले. ब्रेक-स्टिअरिंगसारखा जिवावरचा दोष असेल तर चार नव्हे, दोनच खेपा, अशी भर कॅलिफोर्नियासारख्या राज्यांनी पुढे घातली.

मला या कायद्यातली ही गोष्ट सगळ्यात आवडली. दोष कशामुळे आहे हे ग्राहकाने शोधायचं नाही. फक्त मोजायचं. चार खेपा किंवा तीस दिवस. 'तक्रार आढळली नाही' असं लिहिलं तरी ती खेप मोजलीच जाऊ शकते.

आणि परत घेतलेल्या गाडीचं काय? कॅलिफोर्नियात ती पुन्हा विकायची तर मालकीच्या कागदावर 'लेमन लॉ बायबॅक' असा शिक्का पडतो आणि दाराच्या चौकटीवर तशी पट्टी चिकटवावी लागते. पुढच्याच्या गळ्यात न सांगता मारायची नाही. भावाला ही पट्टीची गोष्ट सांगितली तेव्हा तो कितीतरी वेळ काही बोलला नाही.

तिकडेही सगळं गोड आहे असं नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की कंपनीची वॉरंटी शिल्लक असलेली जुनी गाडी घेतली, तर तिला नव्या गाडीचं हे संरक्षण मिळत नाही. भांडण चालूच आहे.

आता आपल्याकडे. इथे बराच काळ गाडी मिळणं हेच नशीब होतं. पद्मिनी किंवा अ‍ॅम्बॅसॅडरचा नंबर लावून वर्षानुवर्षं थांबलेला माणूस पहिल्या महिन्यातल्या बिघाडाबद्दल काय तक्रार करणार? ग्राहक संरक्षण कायदा १९८६ मध्ये आला. त्यात दोष काढून द्या, वस्तू बदलून द्या, पैसे परत करा, हे तिन्ही उपाय होते, आणि आजच्या २०१९ च्या कायद्यातही आहेत. मग अडलं कुठे?

अडलं त्याच जुन्या कागदावर. २००६ मध्ये मारुती उद्योगच्या एका प्रकरणात ग्राहक आयोगाने गाडी बदलून द्यायला सांगितलं होतं. सुप्रीम कोर्टाने तो आदेश रद्द केला. वॉरंटीत सदोष भाग दुरुस्त करण्याचं किंवा बदलण्याचं वचन आहे, गाडी बदलण्याचं नाही, म्हणून. न्यूजर्सीच्या १९६० च्या निकालाशेजारी हा निकाल ठेवून बघा. आणि आपल्याकडे 'उत्पादनातला दोष' सिद्ध करायचं ओझं बहुधा ग्राहकावर येतं, तेही तज्ज्ञाच्या अहवालाने. २०१९ च्या कायद्यातलं उत्पादन दायित्वाचं नवं प्रकरण ऐकायला भारी वाटतं, पण त्यात वस्तूमुळे झालेली इजा धरली आहे. वस्तूचं स्वतःचं नुकसान त्यातून स्पष्ट वगळलं आहे.

तरी दार बंद नाही. ह्युंदाईच्या एका गाडीच्या अपघातात एअरबॅग उघडल्या नव्हत्या. कंपनीचं म्हणणं, धडक तेवढ्या जोराची नव्हती. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की वेग आणि बल यांचं गणित मांडायला ग्राहक काही भौतिकशास्त्राचा तज्ज्ञ नसतो, आणि भरपाईसह गाडी बदलून देण्याचा आदेश कायम ठेवला. म्हणजे मोठी हमी आपल्याही कायद्यात आहे. नाही तो फक्त आकडा.

मग आम्ही तो आकडा स्वतःच तयार केला. रविवारी सकाळी चहा घेत पाचही जॉब कार्डं टेबलावर मांडली. गाडी कधी दिली, कधी मिळाली, तक्रार काय, केलं काय. बेरीज: एकच दोष, पाच खेपा, ३४ दिवस. कनेक्टिकटच्या दोन्ही कसोट्यांना उतरली असती! एका जॉब कार्डवर तर तक्रारीच्या रकान्यात 'जनरल चेकअप' लिहिलेलं निघालं. सल्लागाराने घाईत लिहिलं, भावाने न वाचता सही केली. ती खेप उद्या आयोगापुढे कशी मोजणार?

तो तक्ता आणि डॅशबोर्डचे व्हिडिओ जोडून कंपनीला लेखी नोटीस पाठवली, ईमेलने आणि रजिस्टर पोस्टानेही. पुढचं माहीत करून ठेवलंय: तक्रारीची मुदत दोन वर्षं, आणि आता आपण राहतो त्या जिल्ह्यातच आयोगाकडे दाखल करता येते, ऑनलाइनसुद्धा. पंधरा दिवसांत कंपनीचा इंजिनिअर घरी आला. रात्री साडेनऊला त्याला शेजारी बसवून उड्डाणपुलावर नेलं. दुसऱ्या फेरीला गाडी बंद पडली. भाऊ म्हणतो, आयुष्यात पहिल्यांदा गाडी बंद पडल्याचा आनंद झाला :-)

सहाव्या खेपेला इंधनपंप आणि कंट्रोल युनिट दोन्ही बदललं. तीन आठवडे झाले, अजून तरी बंद पडलेली नाही. विकायचा विषय पुन्हा निघालेला नाही. पण सिग्नलला थांबलं की तो अजून रेडिओ बंद करून इंजिनाचा आवाज ऐकतो, आणि जॉब कार्डांची फाइल पुढच्या कप्प्यात तशीच आहे.

आणि मी? सोमवारी ऑफिसात 'नॉट रिप्रोड्यूसिबल' म्हणून बंद केलेले चार बग पुन्हा उघडले. त्यातला एक तर तिसऱ्यांदा आला होता.